मागची काच

देवरे सर लेन्स आणायला निघाले तेच तोंड वाकडं करून. नाशिकच्या कॅमेरा क्लबात गेली नऊ वर्षं पहिला नंबर त्यांचाच. यंदा क्लबची नवी सेक्रेटरी पिंकी, कॉलेजातली पोरगी, हिने अगदी बारीक वस्तूंच्या फोटोंची स्पर्धा ठेवली आणि नियम घातला : लेन्स जुनी आणि दोन हजारांच्या आतली हवी, म्हणजे सगळ्यांना भाग घेता येईल.

‘सगळ्यांना म्हणजे मोबाईलवाल्यांना,’ सरांनी ग्रुपवर लिहिलं. ‘भंगारातली काच लावूनही मीच पहिला येईन. नाही आलो तर क्लब सोडेन.’

पाठवून झाल्यावर त्यांनी पाहिलं. चौसष्ट जणांनी ते वाचलं होतं, आणि एकानेही ‘नका हो सर’ म्हटलं नव्हतं.

रविवार कारंजा चौकामागच्या एका बोळात बंद पडलेला फोटो स्टुडिओ होता. फोटोग्राफर मल्हारी वारून सहा वर्षं झाली होती. त्याची बायको मालनबाई दारात लसूण सोलत बसली होती. तिने पत्र्याच्या पेटीतून लेन्स काढली आणि पदराने पुसली.

“बुरशी धरलीय आत,” सर नाक मुरडत म्हणाले. “कसले फोटो काढायचे याने? पासपोर्टचे?”

“मयताचे.”

सरांना हसू आवरलं नाही.

“हसू नका साहेब. ज्याचा जित्तेपणी एकबी फोटो नाय, त्याच्या घरून बोलावणं यायचं. मयताला खुर्चीत बसवायचं, मागं पांढरी चादर धरायची. मग हे घरी येऊन बारीक ब्रशनं फोटोत डोळे उघडायचे. भिंतीवर मिटल्या डोळ्यांचा माणूस कोण लावंल?”

“मला माशीचा काढायचाय. अशी जुनी लेन्स कॅमेऱ्याला उलटी बसवली की बारकी वस्तू मोठी दिसते.”

मालनबाईच्या हातातली पाकळी तशीच राहिली. “उलटी नका लावू.”

“का बरं?”

“हिची मागची काच कायम कॅमेऱ्याच्या आत, अंधारात. मयताचं तोंड तिच्यातूनच आत जायचं... ती बाजू ह्यांनी जित्या माणसाकडं कधी केली नाय.”

‘अडाणी,’ सर मनात म्हणाले, पण इतक्या मोठ्याने की मालनबाईने मान खाली घातली आणि पुन्हा लसूण सोलायला घेतला.

सर लेन्स घेऊन घरी आले. इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये त्या दुपारी कुणी नव्हतं. बायको देवळ्याला साखरपुड्याला गेली होती. स्पर्धेला फोटो पाठवायची मुदत पाचपर्यंत होती. सरांनी खिडक्या लावल्या, पडदे ओढले, पंखा बंद केला. एवढ्या जवळून फोटो काढताना वाऱ्याची झुळूकसुद्धा चालत नाही. कॅमेऱ्याच्या तिवईला जागा हवी म्हणून खोलीतली एकुलती एक खुर्ची त्यांनी बाहेर पॅसेजमध्ये नेऊन ठेवली. टेबलावर एकच दिवा. दिव्याखाली खिडकीत मरून पडलेली माशी, आणि सुईच्या टोकाने तिच्या पाठीवर ठेवलेला पाण्याचा थेंब.

लेन्स उलटी बसली. माशीपासून जेमतेम दोन बोटं अंतर. कॅमेरा केसाएवढा पुढे सरकवायचा, एक फोटो काढायचा, पुन्हा सरकवायचा. असे वीस फोटो, मग कॉम्प्युटरवर त्यांचा एक करायचा.

खट्.

दहाव्या फोटोला खोलीत कापराचा वास आला. खालच्या मजल्यावर कुणाची तरी पूजा असेल. बाराव्याला दोन खट् आवाजांच्या मधल्या शांततेत आणखी काहीतरी ऐकू आलं. कागदावरून ओला केस ओढावा तसं. हलकं, सावकाश. सरांनी मागे पाहिलं. पडदा होता, आणि अंधार.

“हॅट,” ते म्हणाले.

साडेचारला त्यांनी फोटो कॉम्प्युटरवर घेऊन त्यांचा एक केला. माशीच्या पाठीवरचे केस कसे काट्यासारखे उभे! आयुष्यात असा फोटो त्यांनी काढला नव्हता. थेंबात दिवा दिसत होता, पडद्याची कड दिसत होती, आणि सर दिसत होते. साहजिकच होतं. थेंबात समोरचा माणूस दिसणारच.

पण सर तर सगळा वेळ उभे होते.

थेंबातला माणूस खुर्चीत बसला होता. शर्ट सरांचा, चष्मा सरांचा. मान कुणीतरी मागून सावरून धरल्यासारखी ताठ. पाठीमागे पडदा नव्हता, काहीतरी पांढरं ताणलेलं होतं. डोळे मिटलेले.

त्यांनी पहिला फोटो पाहिला, सातवा पाहिला, विसावा पाहिला. सगळ्यांत मिटलेले.

“बुरशी... बुरशीच आहे ती,” सर रिकाम्या खोलीला म्हणाले. दुसरा फोटो काढायला वेळ नव्हता. चौसष्ट जण डोळ्यांसमोर उभे राहिले. पाचला दोन मिनिटं असताना त्यांनी तो पाठवून दिला.

रविवारी सकाळी अकराला कॉलेज रोडच्या हॉलमध्ये निकाल लागला. पहिले देवरे सर. सन्मानचिन्ह हातात घेऊन ते मंचावर उभे राहिले आणि खाली बसलेल्या मोबाईलवाल्यांकडे मनसोक्त तुच्छतेने पाहू लागले.

पिंकीने मोबाईल उचलला. “सर, इकडे... अरे, डोळे मिटले. परत एकदा हं.”

“परत मिटले सर.”

“उघडेच आहेत माझे! तुझं ते खेळणं बदल.”

“सरांना स्वतःचं बक्षीस बघवत नाहीये,” मागच्या रांगेतून रवी नावाचा एक मोबाईलवाला म्हणाला, आणि हॉल हसला.

पाचवा. सहावा. पिंकी आता हसत नव्हती. सहाही फोटोंत सर मान ताठ ठेवून, डोळे मिटून उभे होते.

तेवढ्यात सरांना कानाजवळ तो आवाज आला. ओला केस ओढल्याचा. उजव्या पापणीला गार, ओलसर काहीतरी लागलं, मग डाव्या.

“हां, आता उघडे आले...” पिंकी म्हणाली आणि थांबली. तिने मोबाईल जवळ धरला, मग सरांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि एक पाऊल मागे सरली.

“काय झालं? बघू.”

फोटोत डोळे उघडे होते. गोल, काळेभोर, कोरून काढल्यासारखे. एक पिंकीकडे पाहत होता, दुसरा जरा बाजूला.

“सर,” ती हळूच म्हणाली, “मघापासून तुमची पापणी लवली नाहीये...”

“काहीतरीच,” सर म्हणाले. उजव्या डोळ्यात काहीतरी टोचत होतं. त्यांनी चष्मा वर करून बोटाने ते काढलं.

बोटाच्या टोकाला ब्रशचा एक केस होता. त्याचं टोक अजून ओलं होतं, आणि काळं.