वर्षाचा मसाला

मिरची कांडपात शिरणारा परका माणूस आधी शिंकतो, मग बोलतो. परभणीहून आलेल्या सुगतचंही तेच झालं. आपण अन्न सुरक्षा अधिकारी आहोत, एवढं सांगायलाही त्या शिंका त्याला उसंत देईनात. संघप्रियाने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि हसू ओढणीत लपवलं.

ते हसू फार टिकलं नाही. परदेशातून आलेल्या दालचिनीत शिसं सापडलं होतं; असेल तिथे विक्री ताबडतोब बंद, असा हुकूम होता. स्वस्त पडलं म्हणून यंदा त्यातलंच एक पोतं संघप्रियाने घेतलं होतं. सुगतने पोत्याला सील ठोकलं, यंत्रातले नमुने घेतले आणि अहवाल येईपर्यंत कांडप बंद ठेवायला सांगितलं. तेही ऐन हंगामात. वडिलांमागे तिने सांभाळलेलं हे कांडप गंगाखेडच्या बायकांच्या विश्वासावरच चालायचं.

यातली दालचिनी कोणाच्या मसाल्यात गेली का, असं त्याने विचारलं. नाही म्हणाली असती, तर खपून गेलं असतं. पण काळा मसाला घरातली लेकरं वर्षभर खातात...

"चला," ती म्हणाली, "घरं दाखवते."

दोघं भर उन्हात गल्लोगल्ली फिरले. मसाला परत देताना बायका तिला नाही नाही ते बोलल्या, आणि ती खाली मान घालून पिशवी पसरत राहिली. शेवटी सुगतला ते बघवेना. त्याने पिशवी तिच्या हातातून घेतली.

"द्या, मी धरतो. तुमी लपवलं असतं, तर मला कळलंबी नसतं."

एवढं बोलून तो पुन्हा शिंकला. सकाळनंतर पहिल्यांदाच तिला हसू फुटलं.

यंत्रात शिसं नाही, असा अहवाल आला. यंत्र सुरू झालं, पण गिऱ्हाईक फिरकेना. बायका समोरच्या कांडपात रांग लावून बसायच्या. संघप्रियाला सुगतचा राग यायचा, आणि तो येत नाही याचा त्याहून जास्त. आईला सांगण्यासारखं हे दुखणं नव्हतं.

बाजाराच्या दिवशी तो आला. खांद्यावर मिरच्यांचं पोतं, हातात धने-खोबऱ्याची पिशवी. समोरची अख्खी रांग वळून बघायला लागली.

"सायबाच्या घरचाच मसाला हितं कुटायला आलाय की," कोणीतरी म्हणालं. रांगेतली एक बाई आपलं गाठोडं उचलून रस्ता ओलांडू लागली.

संघप्रियाने तराजू ओढला. आवाज जमेल तेवढा कोरडा ठेवून तिने सगळ्यांना विचारते तेच विचारलं, "खाणारी माणसं किती?"

"आई अन् मी..." तो अडखळला. "पण वर्षाचा करायचाय ना — तिघांचा धरा."

"तिसरं कोण?"

सुगतला नेमकी तेव्हाच शिंक आली. ती खरी होती की खोटी, कोण जाणे. कान मात्र लाल झाले होते.

तिने वर पाहिलं नाही. त्याच्या मिरच्यांत आपल्या टोपलीतली एक ओंजळ टाकली.

"तिसरीला तिखट लय लागतं," ती म्हणाली. "आईला आधीच सांगून ठेवा."