चोवीस व्होल्टची ओळख

पहिल्या भेटीतच गोरक्षनाथने विजयमालेची आयसी जाळली.

सोनईजवळच्या साखर कारखान्यात, मळीच्या आंबूस-गोड वासात, ती नागापूरच्या वर्कशॉपमधून पोती मोजणारं यंत्र घेऊन आली होती. पट्ट्यावरून सरकणारं पोतं स्विच दाबी. स्विचमधून चोवीस व्होल्ट येत. मोजणी करणाऱ्या नखाएवढ्या काळ्या चिपला, त्या आयसीला, मात्र पाचच सोसत. मधला जोड लावण्याआधीच कारखान्याच्या या वायरमनने तार थेट आयसीच्या पायाला टेकवली.

"बाई, चुकलं माजं. म्या म्हनलं, जरा मदत..."

"पुरे झाली मदत! आता एकच आयसी उरलीय."

चार वाजता संचालक येणार होते. यंत्र नापास झालं, तर नोकरी सोडून अकोल्याला परतायचं आणि वडील दाखवतील त्या मुलाशी लग्न करायचं, असा शब्द तिने घरी दिला होता. उरलेली आयसी तिने बोर्डवर बसवली. दोन रेझिस्टर जोडून तिने चोवीसांचा दाब चारांवर आणला.

"आता तुम्ही पोतं व्हा."

त्याने गुडघ्याने स्विच दाबला. आकडा उमटला — एक. सोडून पुन्हा दाबला. एकच.

"मंग दुसऱ्यांदा आलो, तर दिसतच न्हाई का तुमाला?"

हसू ओठांतच अडवून ती विचारात बुडाली... स्विच सुटल्यावर आयसीतून झिरपणाऱ्या प्रवाहाला जमिनीकडे उतरायला वाट हवी. आपण लावलेली वाट फार अरुंद. प्रमाण तेच ठेवून तिने कमी ओहमचे, प्रवाहाला कमी अडवणारे रेझिस्टर लावले. तो बोर्ड धरून उभा होता, श्वास रोखून — तिच्या मनगटापासून बोटभर अंतरावर.

दोन. तीन. चार!

"आता दिसतोय?"

"मघापासून दिसताय," ती मान वर न करता म्हणाली.

संचालकांसमोर पोती धावली. हमालांची मोजणी आणि यंत्राची मोजणी जुळली. यंत्र पास झालं. उन्हं कलताना गोरक्षनाथ वायरी गुंडाळत पुटपुटला,

"आता तुमी कशाला याल हितं..."

"रविवारी अकोल्याला निघालेय."

त्याचा चेहरा उतरला. "नोकरी तर ऱ्हायली की!"

"राहिली, म्हणूनच. मुलगा मीच निवडला, हे वडिलांना सांगायचंय." तिने अवजारांची पेटी बंद केली — "सोबत याल?"

वायर हातातच राहिली. "म्या? ...अन् त्यांनी इचारलं, हा कोन, तर?"

"ते माझ्याकडे. तुम्ही फक्त एस.टी.त जागा धरा — मला खिडकीची."