काशीरामवरचं घड्याळ

"ओ मॅडम, थांबा! मरायचंय का?"

खारदांड्याच्या किनाऱ्यावर, वाळत घातलेल्या बोंबलांच्या कडेने कल्पिता आपल्या नादात पळत होती. मागून एक अनोळखी पोरगा धापा टाकत आला आणि त्याने थेट तिच्या मनगटाकडे बोट दाखवलं.

"एकशे अठ्ठ्याऐंशी! इतका हार्ट रेट असताना पळताय?"

"दुसऱ्याच्या घड्याळात डोकावायची सवयच आहे वाटतं!" असं फटकारून ती निघून गेली. डोळे मात्र छान होते त्याचे... याचाच तिला जास्त राग आला.

रविवारी किनाऱ्यावर रनिंग ग्रुपमध्ये तोच समोर उभा! वाकोल्याचा सुयोग, रिले टीमचा नवा कॅप्टन. त्याने सगळ्यांना पळवलं, एकेकाचं घड्याळ पाहिलं आणि कल्पिताचं नाव गाळून टाकलं.

रिलेचा शेवटचा टप्पा दांड्यातून जाणार होता. आई मासळीची टोपली बाजूला ठेवून रस्त्यावर उभी राहणार होती, सगळ्या कोळीवाड्याला तिने सांगूनही टाकलं होतं. आता काय तोंड दाखवायचं? कल्पिताच्या अंगाचा तिळपापड झाला.

"मला धाप तरी लागलीय का? नीट बोलतेय ना मी?"

"बोलतेयस कुठे? भांडतेयस."

"भांडायलाही दम लागतो! तूच बघ कसा घामाने निथळतोयस."

"घड्याळ खोटं बोलत नाही गं."

"आणि मी बोलते? आण इकडे तुझं घड्याळ!"

त्याचं घड्याळ तिने आपल्या उजव्या हातावर चढवलं आणि त्याला सोबत घेऊनच होड्यांपर्यंत धावून आली. डाव्या हातावर एकशे नव्वद, उजव्यावर एकशे तीस!

सुयोगने दोन्ही आकडे पुन्हा पाहिले. त्याने हलकेच तिच्या डाव्या हातावरचं घड्याळ सोडवलं. पट्ट्याखाली काळंभोर, ठसठशीत गोंदण होतं — 'काशीराम'. त्याचा चेहराच पडला.

"हा... काशीराम कोण?"

"तुला काय करायचंय?"

"नाही, म्हणजे... घड्याळाचा हिरवा दिवा शाईतून आत जात नाही. म्हणून आकडा चुकतोय. म्हणून विचारलं."

"माझे बाबा. एकवीरेच्या जत्रेत गोंदवून घेतलंय. आमच्या होडीवरही हेच नाव आहे."

"बाबा!" तो एकदम खुलला.

"हसतोस काय? बाबांच्या नावापायी मला टीमबाहेर काढलंस! घड्याळाचं ऐकलंस, माझं ऐकावंसं वाटलं नाही तुला?"

तो ओशाळला. "चुकलंच माझं. त्या दिवशी किनाऱ्यावर वाटलं, तू पडलीस तर... घाबरलो होतो यार." मग हळूच म्हणाला, "शेवटचा टप्पा तुझाच. फक्त एकदा बोटांनी मोजू दे. खात्री म्हणून."

त्याने तिच्या मनगटावर दोन बोटं टेकवली. मोजता मोजता थांबला.

"परत मोजतो."

पुन्हा थांबला.

"काय चाललंय तुझं?"

"तू अशी रागाने बघतेस ना... आकडा विसरायला होतं."

"तुझं घड्याळ माझ्या हातावर आहे म्हणून वाचलास. नाहीतर तुझाच आकडा बघितला असता!"

"म्हणून तर मागत नाहीये."

कल्पिताला हसू आलं, ते तिने रागातच गिळलं. "पुरे. हात सोड माझा."

"आधी माझं घड्याळ दे."

कल्पिताने घड्याळ काही दिलं नाही.