साडीतली चाल

कृतिका भाजी आणायला निघाली तेव्हा ती १९७४ सालची नायलॉनची साडी नेसली होती, आणि चाल तिची स्वतःची नव्हती. पावलं लहान होती, पटापट पडणारी. मान किंचित उजवीकडे कललेली. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींनी तिला लांबूनच ओळखलं.

"आज कुठल्या बाई आल्या?"

"नाव माहीत नाही मावशी. पण घाईत असायच्या."

"मग घासाघीस करत नसतील. बरं झालं," असं म्हणून मावशींनी मेथीची जुडी पुढे केली.

सांगलीत आता याचं कुणाला नवल राहिलं नव्हतं. कृतिका वस्त्रतंत्र शिकलेली होती. ती बायकांचे जुने कपडे जमवायची. फुग्याच्या बाह्यांची पोलकी, बेलबॉटम, टिकल्या लावलेल्या जॉर्जेटच्या साड्या, खांद्याला स्पंजाची गादी असलेले पंजाबी ड्रेस. कुणाच्या घरी आजीनं पणजीचं कपाट रिकामं केलं की गाठोडं तिच्याकडे यायचं. ती ते काचेमागे ठेवत नसे. घालायची. रविवारी तिच्या मैत्रिणी येत आणि त्याही घालत. मग अंगणात कितीतरी अनोळखी बायका फिरताना दिसायच्या. कुणी पाय ओढत चालायची, कुणी पुन्हा पुन्हा मागे वळून बघायची. बोलणं मात्र मैत्रिणींचंच असायचं.

त्या दिवशी ती भाजी घेऊन परतली तेव्हा फाटकापाशी एक म्हातारा माणूस कापडी पिशवी पोटाशी धरून उभा होता. भूपाल चौगुले त्याचं नाव. साखर कारखान्यात फिटर होता, आता निवृत्त.

"चाल दाखवता म्हणे तुम्ही," तो म्हणाला. "साडीतली."

"आत या काका. बसा."

अंगणात दोरीवर साड्या वाळत होत्या. ऊन त्यांच्यातून आरपार येत होतं आणि फरशीवर पिवळे, गुलाबी चौकोन हलत होते. भूपाल त्यांच्या कडेकडेनं आला. एकावरही त्यानं पाय ठेवला नाही.

पिशवीतून त्यानं जांभळी इरकल साडी काढली. "माझ्या बायकोची. त्रिशलाची. दिवाळीनंतर गेली."

कृतिकानं साडीला हात लावला नाही. आधी विचारलं, "तुम्हाला काय बघायचंय?"

साडीच्या काठावरून बोट फिरवत भूपाल म्हणाला, "चेहरा आठवतो. फोटो आहेत. आवाजसुद्धा आहे फोनमध्ये. पण ती आतनं बाहेर यायची ना, चहा घेऊन, ते येणं आठवत नाही. ती खोलीत आली की कळायचं, न बघता. ते आता जायला लागलंय. रोज थोडं जातंय."

"व्हिडिओ असतील की."

"कॅमेरा दिसला की ती थांबायची. तोंडी परीक्षेला उभं राहिल्यासारखी. चालतानाचं एकही नाही."

कृतिकानं साडी ओसरीवरच्या वाचनमेजावर पसरली. ते एक लांबलचक काचेचं मेज होतं. खालून मंद प्रकाश सरकत गेला आणि पडद्यावर धाग्यांचं रान उमटलं.

"हे बघा काका. धागा पहिल्यांदा वाकतो तेव्हा आत एक रेघ पडते. कागदाला पहिली घडी पडते तशी. पुढं कितीही धुवा, इस्त्री करा, ती जात नाही. निऱ्यांना गुडघा कुठं लागला, कमरेपाशी कापड किती ताणलं, पदर खांद्यावरून किती घसरला, सगळं त्यात आहे. नंतरच्या रेघा एकमेकींवर पडून पुसट होतात. पहिली मात्र स्पष्ट राहते. त्यावरून चाल काढता येते."

"आणि मग?"

तिनं सायीसारखा पातळ, राखाडी अंगरखा दाखवला. "हे स्मरण-अस्तर. आतून घालायचं. यातले तंतू हलकेच आवळतात आणि सैल होतात. ते कुणाला ओढत नाहीत. झोपेत कुणी कूस बदलायला हात द्यावा, तेवढंच. शरीर आपणच त्या वाटेनं जातं."

"तुम्हाला काही होत नाही? रोज दुसऱ्या कुणाची चाल?"

कृतिका हसली. "आई म्हणते, तू जिना चढतेस तेव्हा कळत नाही तूच आलीस का."

ती आत गेली. भूपाल खुर्चीत बसून राहिला. त्यानं डोळे मिटून घेतले, कारण आधी पावलं ऐकायची होती.

पावलं आली. धप, धप. टाच आधी. त्यानं डोळे उघडले. जांभळी साडी दारातून येत होती. हनुवटी पुढे, एक हात कमरेवर, दुसरा हात म्हैस हाकल्यासारखा मागं-पुढं. कृतिका अंगणाच्या मधोमध थांबली, मान ताठ करून चारी बाजूंना बघितलं, जणू कोण काम चुकवतंय ते शोधत होती.

भूपाल उठूनच उभा राहिला. "ही सोनाक्का आहे!"

"कोण?"

"माझी थोरली बहीण."

"त्या पण... गेल्या का?"

"कुठली जातेय? सकाळीच फोनवर भांडली माझ्याशी."

कृतिकानं पुन्हा मेजापाशी जाऊन बघितलं. वाचन नीट होतं. आजवर तिच्याकडे आलेले कपडे ज्यांचे होते, त्यांना ओळखणारं कुणी सोबत आलं नव्हतं. म्हणून चूक आहे की नाही हे कधी कळायचा प्रश्नच नव्हता. तिला वाटायचं, जिची साडी तिचीच पहिली रेघ.

भूपालनं तिथूनच बहिणीला फोन लावला. स्पीकरवर सोनाक्काचा आवाज अंगणभर झाला.

"आरं, मीच नेसले होते ती पहिल्यांदा! तुझी बायको नवी साडी कधी आधी स्वतः नेसली काय? घडी मोडायला मला द्यायची. नणंदेनं घडी मोडली की साडी लाभते म्हणायची. तुला एवढंही ठाऊक नाही? संसार केलास का नुसती वस्ती केलीस?"

कृतिकानं कपाळाला हात लावला. "म्हणजे नवी साडी आधी दुसरीच नेसायची? सगळ्याच?"

"ही कोण बोलतीय?"

"मी कृतिका, अक्का."

"सगळ्या न्हाईत गं. ज्या त्या घरची रीत. नुसतं एकदा नेसायचं, देवाला जाऊन यायचं आणि परत द्यायची. तुम्ही मुली आता साडीच नेसत नाही, तुम्हाला कुठनं कळणार?"

भूपाल फोनकडे वाकला. "अक्का, मग तिनं... तिनं कुणाची मोडली?"



"माझी," सोनाक्का म्हणाली. आवाज उतरला होता. "मोरपंखी नारायणपेठ. ट्रंकेत आहे."

रविवारी ती रिक्षातून उतरली. साडी वर्तमानपत्रात गुंडाळलेली होती. वाचन झालं. कृतिका अस्तर घालायला निघाली तर सोनाक्कानं ते तिच्या हातातून काढून घेतलं.

"माझी साडी मीच नेसणार."

"अक्का, तुमचे गुडघे..."

"गुडघे माझेच आहेत न्हवं?"

आतून बराच वेळ तिची कुरकुर ऐकू येत राहिली. "हे काय गं, मासोळी धरायचं जाळं? आणि एवढं घट्ट? आमच्या काळात दोरीनं परकर बांधायचो, सुखी होतो." मग कुरकुर थांबली.

अंगणातल्या साड्या वाऱ्यानं एकदा फुगल्या आणि खाली बसल्या. त्यांच्यामागून सोनाक्का आली.

पाऊल पडल्याचा आवाज झाला नाही. तळवा अलगद टेकत होता, जसं घरात कुणी नुकतंच झोपलं आहे. खांदे खाली, सैल. एवढी जाडजूड बाई, पण पाण्यावरून नाव सरकावी तशी सरकत होती. वळताना आधी पदर वळला, मग ती वळली. त्याला ते येणं आठवलं. चहाच्या आधी येणारं, बशी खाली ठेवण्याच्या आधीचं. तो खुर्चीत बसून होता आणि त्याच्या सगळ्या अंगाला कळलं, ती खोलीत आली.

"त्रिशला," तो हळूच म्हणाला.

"मी सोनाक्का आहे रे," सोनाक्का म्हणाली. पण तिचा आवाजही दबला होता. "मी चालत न्हाई, मला चालवतंय कोण तरी. पोरी, दुखतायत गं गुडघे. पण तिला ठाऊक न्हाई ना."

"थांबवू का अक्का?"

"न्हाई. थांब. काहीतरी आहे." ती अंगणाच्या त्या टोकापर्यंत गेली आणि परत फिरली. "भूपाल, बघ. मी सरळ जाते म्हणते तरी डावीकडं होते. आणि हा उजवा हात पदर आत ओढून धरतोय. कुणाच्या पायात येऊ नये म्हणून धरतात तसा."

कृतिका पडद्याकडे गेली. तिथं पावलांची वाट रेघेनं काढलेली होती. "खरंच आहे. उजवीकडे एका माणसाची जागा सोडून चालल्यात त्या. पूर्ण वाट."

"कोण होतं तिच्याबरोबर?" भूपालनं विचारलं.

सोनाक्का थांबली. तिच्या कपाळावर घाम आला होता. "कोण नव्हतं. तू तेव्हा कर्नाटकात होतास, त्या कारखान्यावर. आठ महिने आला न्हवतास. ती माझ्या घरनं बस्तीच्या देवळात गेली, देवाला हात जोडले आणि आली. एकटी. मी पायरीवर बसून बघत होते. रस्त्याला कुत्रंसुद्धा न्हवतं."

"मग?"

"मग काय, मला काय ठाऊक? मी बघत होते साडी कशी दिसते ते."

भूपाल उठला. चप्पल त्यानं काढून ठेवली, का ते त्याला सांगता आलं नसतं. तो बहिणीच्या उजव्या बाजूला जाऊन उभा राहिला. मोरपंखी काठ त्याच्या घोट्यापासून जरासाच लांब होता. न मोजता, न बघता तेवढाच लांब. सोनाक्कानं त्याच्याकडे वळून पाहिलं. तिचे डोळे भरले होते, पण ती त्याच्यावर डाफरलीच.

"आता नुसता उभा राहू नको. मला फार वेळ थांबता येत न्हाई. चल."

ती निघाली. तोही निघाला. त्याची पावलं लांब पडायची, ती आपोआप आखूड झाली. फरशीवरचे रंगीत चौकोन त्यांच्या पायांवरून सरकत गेले. कृतिका मेजापाशी उभी राहून पडद्याकडे बघायची विसरली.

अंगणाच्या टोकाशी दोघं वळली. आधी पदर, मग ती, मग तो. कुणाला कुणाचा धक्का लागला नाही. भूपालला एवढंच कळत नव्हतं की, त्या दूरच्या दुपारी रिकाम्या रस्त्यानं जाताना तिनं ही जागा त्याच्यासाठी सोडली होती, की आपण कुणा दुसऱ्याच्या जागेत चालतोय?