तळ्याकाठचा मलिदा

"ते पातेलं नको. ते दुधाचं आहे."

शरयूचा हात फळीवरच थांबला. बाहेर बारीक पाऊस लागला होता, पाइनच्या ओल्या सुयांचा वास खिडकीतून आत येत होता, आणि नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरातल्या ज्यू मुलांच्या त्या समर कॅम्पच्या स्वयंपाकघरात तिला कुणीतरी मराठीत अडवलं होतं.

तिनं वळून पाहिलं. गळ्यात शिट्टी, केसांतून निथळणारं पाणी, हातात होडीचं वल्हं... आणि ओठांच्या कोपऱ्यात दाबून धरलेलं हसू.

"तुम्ही... मराठी?"

"मघापासून तुम्ही पातेल्यांना शिव्या घालताय, त्या मला सगळ्या कळल्या. म्हणजे असणारच."

तिचे कान तापले. "शिव्या नाही घातल्या. एवढी भांडी आणि एक कामाचं नाही, एवढंच म्हटलं."

"निळी पट्टी दुधाची, लाल पट्टी मांसाची. या दोघांची कधी गाठ पडू द्यायची नाही. चमचे वेगळे, मोऱ्या वेगळ्या, फडकीसुद्धा वेगळी. तुम्हाला पातेलं कशाला हवंय?"

"कांद्याची सालं उकळायला. मुलांचे शर्ट रंगवायचेत."

"मग यातलं एकही नको. मागच्या पडवीत एक जुनं पोचे पडलेलं आहे. ते ना इकडचं, ना तिकडचं. तुमच्या-माझ्यासारखं."

शरयू हसली. "आमच्या आजीचं सोवळं अस्संच होतं. फक्त पट्ट्या नव्हत्या, तिचा आवाज होता."

"मग तुम्ही इथं टिकाल," तो म्हणाला. "मी एझ्रा. एझ्रा झिराडकर. मूळचे अलिबागकडचे, वाढलो ठाण्याला. मुलांना होड्या शिकवतो."

"आणि... ज्यू?"

"पिढ्यान्‌पिढ्या. कोकणात आमचे लोक तेल गाळायचे. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव म्हणायचं शनवार तेली. आता तुम्ही सांगा, नागपूरची मुलगी इथं कशी?"

"नागपूरची कशावरून?"

"शिव्यांवरून," असं म्हणून तो वल्हं खांद्यावर टाकून पावसात निघूनही गेला.

*

ते एकोणीसशे पंच्याऐंशीचं साल. शरयू राले शहरात कापडाच्या रंगांचं रसायनशास्त्र शिकत होती. सुट्टीत जवळच्याच कॅरी गावात श्रीरंगकाका आणि दीपाकाकूंकडे नुसतं बसून राहण्यापेक्षा मुलांना हस्तकला शिकवावी, म्हणून ती इथं आली होती. ती ज्यू नव्हती, पण कॅम्पच्या मुख्य बाई, ज्युडी, तिला म्हणाल्या होत्या, "तुला रंग येतात ना, मग पुरे."

दिवस कसे तळ्यातल्या लाटांसारखे एकामागून एक काठाला लागत. सकाळी घंटा. मग झेंडा. मग केबिनींची तपासणी, उशीखाली कोंबलेले मोजे आणि त्यावरून रडारड. जेवणघरात मुलं टेबलं बडवून हिब्रू गाणी म्हणत, तेव्हा काचेच्या बरण्यांतलं लाल सरबत थरथरायचं. दुपारी शरयूच्या झाडाखाली दोऱ्या बांधलेल्या, त्यांवर शर्ट वाळत. आणि तळ्यावरून शिट्टी यायची. एक लांब, दोन तोकड्या. ती मुलांसाठी होती. तरी प्रत्येक वेळी शरयूची मान वळायचीच.

"शॅरी, यू आर लुकिंग अगेन," आठ वर्षांची मिरियम म्हणायची. तिच्या नाकावर वांगाचे ठिपके होते आणि नजरेतून काही सुटत नसे.

"मी ढग बघतेय."

"द क्लाउड्स आर अप देअर."

शुक्रवारी मात्र सगळं निवायचं. सूर्यास्ताला शब्बाथ लागायचा, आणि शनिवारी दिवस मावळेपर्यंत ना काम, ना फोन, ना प्रवास. मुलं अंघोळी करून पांढरे कपडे घालत आणि ओल्या केसांचे भांग पाडून तळ्याकाठी जमत. मेणबत्त्या लागत. बायका डोळ्यांवर हात धरून पुटपुटत, आणि शरयूला देवघरातली सांजवात आठवायची. अशाच एका शुक्रवारी, गाणी सुरू व्हायच्या आधी, एझ्रा तिच्याशेजारी गवतात येऊन बसला. एव्हाना ते 'तुम्ही'वरून 'तू'वर आले होते. कधी, ते दोघांनाही कळलं नव्हतं.

"रंगाचं पातेलं ढवळताना तू काय गुणगुणतेस?"

"काही नाही. ओव्या. आजीची चाल, शब्द माझे."

"म्हण की."

"इथं नाही."

"हळू म्हण. मलाच ऐकू येईल असं."

तिनं गवताची काडी बोटाला गुंडाळली, सोडली. मग तळ्याकडे बघतच म्हटलं —

*डोंगराच्या कुशीमंदी तळं निवांत निजलं*
*कुणाच्या गं वल्ह्यानं त्याचं सपान भिजलं*



"वल्हं कुणाचं, ते नाही आलं ओवीत," तो म्हणाला.

"ओवीत सगळं सांगत नसतात."

"माझी आजीही म्हणायची. त्यात मोशे असायचा, दावीद राजा असायचा, आणि तोही जात्यावर बसल्यासारखा." तो हसला, आणि हसू विरत असतानाच म्हणाला, "शरयू, कॅम्प संपला की मी इस्रायलला चाललोय. आई आणि धाकटी बहीण दोन वर्षांपूर्वी ठाणं सोडून डिमोनाला गेल्या. आई म्हणते, आता तू ये. अटलांटाची नोकरी हातात आहे, त्यांना नाही म्हणून कळवायचं तेवढं राहिलंय."

"कायमचा?"

"बहुतेक."

गाणी सुरू झाली. मुलांनी हात धरून गोल केला. शरयूही गोलात उभी राहिली, पण त्या संध्याकाळी तिला एकाही गाण्याची चाल धरता आली नाही.

*

ऑगस्ट लागला. झाडांखालचे शर्ट संपत आले, आणि शेवटच्या आठवड्यात एझ्रा तिच्याकडे आला तो घाईत.

"तुझ्याकडे पोहे आहेत?"

"काकूंनी दिलेत, पुण्याचे. का? भूक लागली?"

"मलिदा करायचाय. आमच्यात प्रवासाला निघताना, लग्न ठरताना, काही मागायचं असलं तरी करतात. आमचा प्रेषित एलियाहू हनाबी, रथातून स्वर्गात गेलेला, त्याच्या नावानं. पोहे, खोबरं, गूळ, वेलची, वर फळं. म्हणतात, त्याचा रथ आमच्या अलिबागजवळच टेकला होता. ज्युडी म्हणते, शुक्रवारी रात्रीच्या जेवणानंतर सगळ्या मुलांना दाखव." तो थांबला. "तीन उन्हाळे इथं आहे. मुलं अजून विचारतात, तू इंडियन, मग ज्यू कसा? जाताना एकदा दाखवून जावं म्हणतो."

जाताना. 

"मी करते," ती म्हणाली.

शुक्रवारी सकाळी तिनं पोहे निवडले, पाखडले. निळ्या पट्टीचं पातेलं घेतलं, निळ्या पट्टीचा डाव घेतला. नियमात तसूभर चूक नको. आणि आजी दहीकाल्याच्या दिवशी करायची तसे, मऊ व्हावेत म्हणून, सगळेच्या सगळे पोहे तिनं साईच्या दुधात भिजवले. वर गूळ किसला, वेलची कुटून घातली. वास असा सुटला की पाव भाजणारा सुद्धा डोकावून गेला.

एझ्रा आला. त्यानं पातेल्यात पाहिलं आणि डोक्यावर हात ठेवून खाली बाकावरच बसला.

"काय झालं? गूळ कमी पडला?"

"आज रात्री जेवायला काय आहे?"

"चिकन. दर शुक्रवारी चि..." शरयूचा हात तोंडावर गेला. मांसाच्या जेवणावर दूध. पातेलं बरोबर होतं, डाव बरोबर होता, वार तेवढा चुकला होता. "सगळे पोहे घातले रे मी. एक मूठही नाही उरली."

तो काही क्षण तिच्याकडे पाहत राहिला. मग त्याचे खांदे हलायला लागले. तो हसत होता.

"सोवळ्यातल्या आजीची नात."

"हसू नकोस. तुझा मलिदा गेला माझ्यामुळे."

"मुद्दाम केलंस का?" त्यानं हळूच विचारलं. "माझं जाणं अडवायला?"

"नाही," ती म्हणाली. आणि मग, डाव पुसत, आणखी हळू, "सुचलं असतं तर केलंही असतं."

स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता. दोघांनीही तो बंद केला नाही.

दुपारचं जेवण दुधाचं होतं. मुलांनी ते पोहे वाडग्यातून चाटून पुसून खाल्ले. मिरियमनं तिसऱ्यांदा मागितले. सूर्य मावळायच्या आत शरयूनं ऑफिसातून कॅरीला फोन लावला. रविवारी काका-काकू तिला न्यायला येणारच होते. काकू म्हणाल्या, पोह्यांचा शेवटचा एक डबा आहे, आणते. एझ्रा शनिवारी दिवस मावळल्यावर निघणार होता. त्यानं बस रविवारवर ढकलली.

तो मधला शनिवार मात्र नुसता होता. काम नाही, शिट्टी नाही, होड्या काठाला पालथ्या. दोघं तळ्याभोवती चालत गेले. ब्लॅकबेरीच्या काट्यात तिची ओढणी अडकली, ती त्यानं न फाटू देता सोडवली.

"आई वाट बघत असेल," ती म्हणाली.

"हो. खोली रंगवून ठेवलीय. पिवळी."

एवढं ऐकल्यावर 'थांब' कसं म्हणायचं? पिवळ्या खोलीच्या दारात एक बाई उभी होती, आणि शरयूला ती दिसत होती. तिनं ओढणी खांद्यावर नीट केली.  एझ्रानं दोनदा तोंड उघडलं, आणि दोनदा पाण्यातल्या बदकांबद्दल काहीतरी सांगितलं.

*

रविवारी लख्ख ऊन पडलं. पायवाटेवर ट्रंका रचल्या होत्या, बसेस यायला अवकाश होता, आणि सगळा कॅम्प तळ्याकाठी गवतात बसला होता. यावेळी पोहे पाण्यात भिजले होते. मधे मोठं ताट. पोह्यांची रास, किसलेलं खोबरं, खजूर, केळी, सफरचंदं, आणि ज्युडीच्या पडवीतल्या गुलाबाच्या पाकळ्या. दीपाकाकूंनी, कुणी न सांगता, ताटाभोवती रांगोळीसारखी पानं मांडली होती. श्रीरंगकाका झाडाला टेकून गाडीची किल्ली बोटाभोवती फिरवत होते.

एझ्रा उभा राहिला. पांढरा सदरा, डोक्यावर लहानशी टोपी. त्यानं एलियाहूचं गाणं म्हटलं, हिब्रूतलं, पण चाल अशी की एखाद्या कोकणातल्या ओटीवर संध्याकाळी टाळ वाजावेत. मुलं टेबलं बडवणारी, ती सुद्धा श्वास धरून ऐकत होती. मग त्यानं एकेक फळ उचलून आशीर्वाद म्हटले.

"आता," तो इंग्रजीत म्हणाला, "हा मलिदा कशासाठी, ते सगळ्यांसमोर सांगायचं असतं. आमच्या घरी ते मराठीत सांगतात. मीही मराठीतच सांगतो."

त्यानं आधी झाडाकडे पाहिलं. "काका, काकू, तुम्ही आहात ते बरं झालं. तुमच्या माघारी बोलणं बरं दिसलं नसतं."

काकांच्या बोटाभोवतीची किल्ली थांबली.

"मी आईकडे चाललोय," एझ्रा म्हणाला.  "तिला सांगायला, की एक मुलगी आहे. आमच्यातली नाही. आई रडेल. कदाचित काही दिवस जेवणारही नाही. पण माझी आई आहे, ती शेवटी विचारेल, मुलगी कशी आहे. तेव्हा मला तिच्याजवळ बसून सांगायचंय. पत्रातून नाही. अटलांटाच्या नोकरीला मी अजून नाही म्हटलेलं नाही. त्या मुलीचं हो असेल, तर बर्फ पडायच्या आत मी परत येईन. तिचं नाही असेल, तर तिथंच राहीन, आणि हा मलिदा नुसता प्रवासाचा. तिला मी आधी एकटीला विचारायला हवं होतं. काल धीर झाला नाही. बदकांबद्दलच बोलत राहिलो."

तो खाली बसला. शंभर मुलं त्याच्याकडे बघत होती. एकालाही काही कळलं नव्हतं.

"व्हॉट डिड ही से?" मिरियमनं विचारलं. मग आणखी कुणी. मग सगळीच.

"शरयू," ज्युडी म्हणाल्या, "तू सांगशील का मुलांना?"

शरयू उठली.  तळ्यावरून वारा आला, पाकळ्या हलल्या. नागपूरच्या घरातली आई दिसली, चष्मा पुसणारे बाबा दिसले. तिथंही कुणीतरी जेवणार नव्हतं. तिथंही तिलाच जाऊन, जवळ बसून सांगावं लागणार होतं. तिनं काकूंकडे पाहिलं. काकूंनी डोळ्यांना पदर लावला होता, आणि काका दोन्ही हात पाठीमागे बांधून जमिनीकडे बघत होते.

"अगं, सांग ना," काकू म्हणाल्या. "मुलं ताटकळलीत. आणि... नुसती मुलंच नाही."

शरयूनं एझ्राकडे पाहिलं. तो पोह्यांकडे बघत होता, मान वर करायचा धीर नसल्यासारखा.

"तो म्हणतो," तिनं इंग्रजीत सुरुवात केली. शब्द हळू आले, पण स्वच्छ आले. "तो त्याच्या आईला भेटायला चाललाय. आणि बर्फ पडायच्या आत तो परत येणार आहे."

एझ्राची मान वर आली.

"बस, एवढंच?" मिरियमला पटलं नाही. "तो तर किती वेळ बोलत होता."

"हो," शरयू म्हणाली. "त्यात एक 'जर' होतं. ते मी काढून टाकलं."

मुलांना ते कळलं नाही, आणि त्यांनी फारसा विचारही केला नाही, कारण ताट फिरायला लागलं होतं. एझ्रानं पहिली मूठ काकूंच्या हातावर ठेवली, दुसरी काकांच्या. काकांनी ती कपाळाला लावली आणि मोठ्यानं घसा खाकरला. मग तो शरयूपुढे आला. तिनं ओंजळ पुढे केली. मऊ, ओले, गुळानं पिवळसर झालेले पोहे, वर एक पाकळी. त्याची बोटं तिच्या तळहातावर क्षणभर जास्त रेंगाळली, आणि कुणी काही म्हटलं नाही... मिरियमसुद्धा नाही.