तीन इंजिनं, एकच नोव्हेंबर

तापोळ्याच्या धक्क्यावरच्या नौका-प्रयोगशाळेत शालनबाई उतेकर आठव्या दिवशीही त्याच लोखंडी खुर्चीत येऊन बसल्या. धरणाच्या पाण्यात पर्यटकांना फिरवणाऱ्या त्यांच्या बोटीचं डिझेल इंजिन दमलं होतं. त्याही दमल्या होत्या; पण तसं कबूल करायचं काम इंजिनाचं, त्यांचं नव्हे.

"तिन्ही नव्या इंजिनांतलं एक सांग अन् मोकळी कर मला," त्या म्हणाल्या. सून सानिका शेजारची खुर्ची रिकामी असूनही मागे उभी होती.

इंजिनतज्ज्ञ अन्वर मुल्लाने पडदा त्यांच्याकडे वळवला. "जास्त ताकदीचा हट्ट सोडा, काकी. तुमच्या बोटीचं पोट पाण्यात बसतं. दुप्पट ताकद दिली तर ती नाक वर करून नुसतं डिझेल पिईल. वेग तेवढाच."

"माझ्या थोरल्या जावंसारखी. मग आठ दिस काय करत हुतास?"

"प्रतिनौका चालवत होतो. महिनाभर बोटीवर संवेदक लावले होते ना? त्यांनी तळ, पंखा, लाटा, चालवणारा, सगळं मोजलं. त्या आकड्यांतून संगणकात हुबेहूब दुसरी बोट तयार होते. तिच्यात एकेक इंजिन बसवायचं आणि तासाभरात वीस वर्षं पळवायचं. कुठलं कधी थांबतं ते कळतं."

"मग?"

अन्वर घुटमळला. "जड, संथ इंजिन चौथ्या वर्षी नोव्हेंबरात थांबलं. हलकं, वेगवान तेव्हाच. मधलंही तेव्हाच. वाटलं, माझंच गणित चुकलं. म्हणून आठ दिवस."

"तिन्ही भंगार हायती, दुसरं काय!"

"तिन्हींत बिघाड शून्य." त्याचा आवाज उतरला. "टाकीत डिझेलही आहे. त्या दिवसापासून कुणी चावीच फिरवलेली नाही. तुमच्या उजव्या हाताचा कंप दर आठवड्याला थोडा वाढलाय, काकी. प्रतिनौकेनं तो पुढे मोजत नेला; त्या नोव्हेंबरात हाताला सुकाणू धरवेना. डॉक्टरांना दाखवा."

शालनबाईंनी हात पदराखाली घेतला. "दाखवलाय."

सानिकाने चमकून त्यांच्याकडे पाहिलं.

"माझ्या हाताला कुठलं बरं?" त्यांनी विचारलं.

"कुठलंही. तेवढ्या काळात तिन्ही सारखीच. फरक पडतो तो पुढच्या सोळा वर्षांत. त्यासाठी तुमच्यानंतर चालवणाऱ्याचा हात मोजावा लागेल. महिनाभर."

तीस वर्षांत त्यांनी सुकाणूला कुणाला शिवू दिलं नव्हतं. सुनेचं काम पर्यटकांना जाकिटं बांधायचं, एवढंच. खिडकीबाहेर बोट दोराला ओढ देत हलत होती.

"इंजिन हिला इचार," त्या अखेर म्हणाल्या.

"जड, संथ," सानिका एका श्वासात म्हणाली. "पर पंखा बदलाया लागंल. हाय त्यो लई ओढतोय."

"इतकी वर्सं तोंड कुठं ठेवलं हुतंस?"

"तुमी कुठं इचारलं, आत्या?"

शालनबाई खुर्चीच्या दांड्याला धरून उठल्या. या वेळी त्यांनी हात लपवला नाही.

"सुकाणूफुडची शीट माझ्या मापाची हाय," त्या म्हणाल्या. "तुझ्या मापाची करून घे."