मेघाच्या घागऱ्यावरचा लाल ठसा

"दादा, आत या. लवकर!"

संजीवनीची हाक ऐकून महेंद्र काउंटरवरून उठला. मागच्या खोलीत ती भिंतीला पाठ लावून उभी होती. समोर हँगरला मेघाचा पांढरा घागरा लटकत होता. त्याच्या घेरात जोडलेल्या पुढच्या कळीवर ओल्या हळदीचा पट्टा होता आणि त्या पट्ट्यात एक लाल डाग.

लग्न उद्या होतं.

महेंद्रनं घागऱ्याला हात लावला नाही. नुसतं बघितलं. हा घागरा त्याच्या बायकोनं, रत्नप्रभानं कापला होता. तिच्या हातचं ते शेवटचं कटिंग. पावसाळा सरता सरता ती गेली. मग शहापूरच्या बाजारात सगळे त्याला सांगायला लागले, बाईमाणसाचं दुकान, तुला काय जमणार, बंद कर. त्यानं शटर वर केलं ते केलंच. एसटीत कंडक्टर म्हणून जन्म गेला होता, सुईत दोरा घालता येत नव्हता. शिवायला संजीवनी होती. तो काउंटरवर बसायचा आणि पाटी पुसायचा. पाटीवर अजून बायकोचंच नाव होतं.

"तू साबण-पाणी काही लावलंस?" त्यानं विचारलं.

"हात पण नाय लावला. बाहेर सगळ्यांना चहा देऊन परत आले तर हे."

"मागचं दार?"

"नुसतं लोटलेलं. नळावर जायला लागतं ना."

बाहेर दोन्हीकडची माणसं शेवटच्या मापाला जमली होती. नवरी मेघा, तिची आई भीमाबाई, मामा प्रशांत, मावसबहीण माधुरी. ही सगळी सापगावची, बौद्ध. नवऱ्यामुलाकडून त्याची आत्या ताराबाई आली होती, टोकावड्याहून, घरची भातशेती सोडून. नवरा सूरज रस्त्यापलीकडे मोटरसायकलवर बसला होता. लग्नाआधी नवरीचा घागरा बघायचा नाही म्हणून माधुरीनंच त्याला हाकललं होतं.

मेघानं मागच्या खोलीच्या दारातून घागरा बघितला आणि ती तिथंच उभी राहिली. बोलले बाकीचे.

"हळदीवर कुंकू!" प्रशांत मामा पायरीवरून तळवे झटकत आत आला आणि तिच्या मागून डोकावला. "बघ भीमा. आमी नको म्हणलं तरी लावलंच यांनी. आज कपड्याला लावलं, उद्या पोरीला लावतील."

सगळ्यांच्या नजरा ताराबाईकडे गेल्या.

कारण हळद तिनंच आणली होती. सकाळी सूरजला लावली, त्यातली उष्टी हळद नवरीसाठी स्टीलच्या डब्यात घेऊन ती मुरबाडच्या एसटीनं आली. मेघा हसून म्हणाली होती, "आत्या, आमच्यात हळद नसते. राग मानू नका." ताराबाईनं राग मानला होता. डबा काउंटरवर आपटून म्हणाली होती, "हळद नाय, कुंकू नाय, वर नवरी पांढऱ्या कपड्यात. आमच्याकडं पांढरं कोण नेसतं म्हायती हाय ना?"

सगळ्यांनी ते ऐकलं होतं. तिचे तळहात तर अजून पिवळेजर्द होते.

"मी नाय केलं," ताराबाई म्हणाली. "मी बोलते तोंडावर. मागून करायची सवय नाय मला."

"मग डबा चालत गेला का आत?" मामानं विचारलं. "भीमा, हे लग्न होत नाय. मी सांगतो. सापगावात काय तोंड दाखवायचं?"

भीमाबाई मटकन स्टुलावर बसली. "प्रशांत, उद्या दुपारी पाव्हणे जेवायला येणार..."

"येऊ देत. हात जोडून परत पाठवू."

मेघा आईसमोर येऊन उभी राहिली. "लग्न होणार. ह्याच घागऱ्यात होणार. कुणी केलं ते मला कळल्याशिवाय इथून कुणी जायचं नाय. महेंद्रकाका, शटर ओढा."

"अगो, दुकान माझं हाय," महेंद्र म्हणाला.

"म्हणून तर तुमाला सांगते."

त्यानं शटर अर्धं ओढलं. आज रत्नप्रभा असती तर तिनंही हेच केलं असतं, फक्त आवाज दुप्पट केला असता.

तो परत आत गेला. डागावरून बोटाचं टोक फिरवलं. बोटाला पिवळं लागलं, लाल पूड आली नाही. त्यानं वाकून नीट बघितलं. पिवळा पट्टा बोटांनी ओढल्यासारखा होता. लाल डाग गोलसर होता, अंगठा टेकावा तसा. लाल रंग पिवळ्याच्या बाहेर कुठंच गेला नव्हता.

बाहेर येऊन त्यानं काउंटरवरचा डबा उघडला. हळद. एवढीच.

"आत्याबाई, कुंकू आणलं होतं?"

"नाय. कुंकू सूरजची आई लावणार, उद्या, पोरगी घरी आल्यावर. तेही ती हो म्हणली तर."

"पिशवी दाखवा."

"ओ कंडक्टर! तुमच्या गाडीत बिनतिकिटाची कधी बसले का मी?" असं म्हणत तिनं पिशवी काउंटरवर उलटी केली. रुमाल, चष्मा, मिश्रीची डबी, केळी.

"पान खाता?"

"दात कुठं राह्यले पान खायला! मिश्री लावते, दोन वेळा. त्याची पण बंदी हाय का तुमच्यात?"

माधुरीला हसू आलं. तिनं ते ओढणीत दाबलं.

"माधुरी, चहा आला तेव्हा कोण कुठं होतं?"

"मी करवल्यांचे निळे ड्रेस अंगाला लावून बघत होते, मेघा आणि मावशी सोबत, इथंच, आरशापुढं. चौघी करवल्यांचे ड्रेस आजच न्यायचेत. संजूताई चहा ओतत होती."

"आत्या?"

"बाकावर. फुगून बसलेल्या."

"अगो, समोर बसल्ये ना मी," ताराबाई म्हणाली.

"उठल्या का मधे?"

माधुरीनं आठवलं. "पाठ होती आमची. आरशात सगळा बाक दिसत नव्हता."

"आणि डबा?"

"तेव्हा काउंटरवर होता. मग मी बघितला नाय."

"प्रशांतभाऊ, तुमी?"

"मी बाहेर. फोनवर. मंडपवाल्याशी बोलत होतो."

"आत आलात?"

"चहाचा कप घ्यायला. काउंटरपर्यंत. मागं कशाला जाईन मी, बायकांच्या खोलीत?"

महेंद्रनं डब्यातल्या हळदीकडे बघितलं. मग भलतंच विचारलं.

"आत्याबाई, भात लावताना पाय मुरगळला तर काय लावता?"

"हा काय टाइम हाय काय विचारायचा?"

"सांगा तर."

"काय लावणार? हळद न् चुना. गरम करून."

"रंग कसा येतो त्याचा?"

ताराबाईनं तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. मग हळूच म्हणाली, "लाल."

महेंद्रनं मान डोलावली.

"हे कुंकू नाय," महेंद्र म्हणाला. "कुंकू असतं तर बोटाला पूड आली असती, पांढऱ्यावर पण सांडलं असतं. इथं लाल आहे ते फक्त हळदीत आहे. आणि सबंध हळदीत नाय, एका अंगठ्याएवढ्या जागेत. हळद लाल झाली कारण तिला चुना लागला. साबणानं पण होते, पण साबण कुणी लावला नाय, कापड कुठं धुतल्यासारखं नाय. म्हणजे ज्यानं कळी धरून हळद फासली, त्याच्या अंगठ्याला चुना होता."

"असेल कुणाच्या पण," मामा म्हणाला.

"कुणाच्या? ह्या बायांत तंबाखू खाणारी एक पण नाय. आत्याबाई मिश्री लावतात, तिला चुना लागत नाय. त्यांच्या तळव्यावर सकाळची हळद हाय, बघा. पिवळीच हाय. अंगठ्याला चुना असता तर तीच आधी लाल झाली असती. सूरज पलीकडं बसलाय, तो हललेला नाय, काचेतून मला दिसत होता. मी जन्मभर लोकांच्या हातातून पैसे घेतले, प्रशांतभाऊ. तंबाखू मळणाऱ्याचा हात मला न बघता कळतो. आत आलात तेव्हा तुमी तळवे झटकत होतात. डावा तळवा, उजवा अंगठा. खिसा दाखवा."

"मी का दाखवू? तू काय पोलीस हायेस?"

"दाखव," भीमाबाई म्हणाली.

"भीमा, तू पण?"

"मला म्हणला होतास, तंबाखू सोडली. पोरीच्या लग्नाच्या आधी. शपथ घेऊन. दाखव."

मामानं खिशात हात घातला नाही. मेघानं घातला. तंबाखूची पुडी निघाली आणि चुन्याची ट्यूब. तिनं डब्यातली थोडी हळद काउंटरवर ठेवली, तिच्यावर चुना पिळला आणि अंगठ्यानं मळली. सगळ्यांच्या समोर हळद लाल झाली.

"चहाचा कप घ्यायला आलात तेव्हा माझं तोंड रस्त्याकडं होतं, तेवढ्यात डबा उचललात," महेंद्र म्हणाला. "बाहेरून वळसा घालून मागच्या दारानं आत गेलात. त्याच वाटेनं परत आलात, नळावर हात धुतलात, कप ठेवताना डबा जागच्या जागी ठेवलात. मग शांतपणे तंबाखूचा बार भरलात. हळद दिसली की दोष टोकावड्याच्या बाईवर जाणार, हे ठरलेलंच होतं. फक्त त्याच्या आधी पण एकदा तंबाखू मळली होती, ते तुमच्या ध्यानात राहिलं नाय. लाल बघून तुमी सोता पण चमकलात. मग म्हणालात, कुंकू."

मामा बाकावर बसला. ताराबाईच्या शेजारी. ती उठून दुसरीकडे गेली.

"मला कुणी विचारलं?" तो म्हणाला. "पोरीनं सोताच जमवलं. दुसऱ्या जातीत. सापगावात सभा असो, जयंती असो, लोक आधी मला विचारतात. ह्यात कुणी विचारलं नाय. नको म्हणायला गेलो असतो तर पोरं हसली असती, जात तोडा म्हणून भाषण करणारा हाच ना."

"म्हणून त्यांच्यावर ढकलून लग्न मोडायचं होतं तुला," भीमाबाई म्हणाली.

"हो."

मेघाला रडू येईल असं महेंद्रला वाटलं होतं. ती रडली नाही.

"मामा, तुमच्याच भाषणात ऐकलंय मी ते. जात तोडा. लहान होते, पहिल्या रांगेत बसायचे. तुमी बोललात, मी केलं. उद्या तुमी पहिल्या रांगेत बसायचं. घरी राह्यचं नाय, आजारी पडायचं नाय. बसायचं आणि बघायचं."

"आणि तुला मंडपात कोण आणणार? मामाच आणतो."

"मला पाय हायेत."

संजीवनीनं घागरा बाहेर आणला. "दादा, कळी बदलू? तसलं कापड मिळणं अवघड हाय."

"कळी कशाला बदलता?" ताराबाई म्हणाली. तिनं पदर खोचला. "लिंबू आणा. लिंबानं लाल जातं, मग पिवळं राह्यलं की कडक उन्हात टाकायचं. हळद उन्हाला टिकत नाय. ओ कंडक्टर, गच्ची हाय का?"

"हाय."

"मग बघत काय राह्यलात?"

दिवसभर ती गच्चीवर घागऱ्यापाशी बसून राहिली. कळी फिरवत होती, पाणी मारत होती, आणि खाली उभ्या सूरजला वर बघायचं नाही म्हणून दम देत होती. ऊन कलताना मेघा तिच्यासाठी चहा घेऊन गेली. दोघी काय बोलल्या ते कुणाला कळलं नाही. डाग पुरता गेला नाही. माहीत असलेल्याला दिसेल एवढी पिवळी झाक राहिली.

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये माइकवरून आवाज आला, "मुलीच्या मामांनी वधूला मंचावर घेऊन यावं."

प्रशांत पहिल्या रांगेत मान खाली घालून बसला होता. माइकवाल्यानं पुन्हा पुकारलं. लोक वळून बघायला लागले. भीमाबाईनं महेंद्रकडे बघितलं, तुम्ही जा, अशा अर्थानं. तो उठला नाही. त्याला पोरीचा चेहरा दिसत होता.

दारात मेघा एकटी उभी होती. मागे निळ्या ड्रेसमधल्या करवल्या.

"मामा येत नाय," ती तिथूनच मोठ्यानं म्हणाली. "मीच येते."

आणि ती चालायला लागली.